कॉलेजमधली सर्वधर्मीय प्रार्थना खोली : नेमकी काय असते, कायदा काय सांगतो आणि वाद कुठे होतात?

शुक्रवारची दुपार. दुसरं लेक्चर संपलं, प्रॅक्टिकल अडीचला आहे. इंदापूर तालुक्यातल्या शेळगावसारख्या गावातून एसटीने इंदापूरला किंवा बारामतीला शिकायला येणाऱ्या मुलीला नमाज पढायचा असेल, तर तिने जायचं कुठे? घरी जाऊन परत येणं शक्य नाही. वर्ग रिकामा असला तरी तो तिचा नाही. तिच्याच बाकावरच्या जैन मैत्रिणीला सामायिक करायचं असेल, तर तिला सलग ४८ मिनिटं एका जागी बसायला शांत कोपरा हवा. विपश्यना शिबिर करून आलेल्या मुलाला रोज थोडा वेळ डोळे मिटून बसायचं असतं. आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या, पण परीक्षेच्या आधी हात थरथरणाऱ्या मुलालाही दहा मिनिटं कुणी बोलू नये असं वाटतं.

या सगळ्यांसाठी कॅम्पसवर एकच खोली असावी, ही कल्पना जगभर अनेक विद्यापीठांत रुजली आहे. भारतात ती अजून नवखी आहे. महाराष्ट्रात तर तिच्याबद्दल बोलणंही अलीकडे अवघड झालंय.

नोव्हेंबर २०२५ मध्ये कल्याणमधल्या एका फार्मसी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी रिकाम्या वर्गात नमाज पढल्याचा व्हिडिओ पसरला. हिंदुत्ववादी संघटनांचे कार्यकर्ते कॉलेजात आले आणि विद्यार्थ्यांना माफी मागायला लावण्यात आली. त्याच्या महिनाभर आधी पुण्यात शनिवारवाड्यात काही महिलांनी नमाज पढल्यावरून आंदोलन झालं होतं. दोन्ही ठिकाणी मुद्दा वेगळा होता. एक शैक्षणिक संस्था, दुसरं संरक्षित स्मारक. पण प्रश्न एकच पुढे आला : प्रार्थनेसाठी नेमून दिलेली जागा नसेल, तर माणूस मिळेल ती जागा वापरतो, आणि मग ती जागा कुणाची यावर भांडण होतं.

आधी एक गोंधळ दूर करू

'सर्वधर्म प्रार्थना' आणि 'सर्वधर्मीय प्रार्थना खोली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चेत त्या सतत एकमेकींत मिसळल्या जातात.

पहिलीत सगळे एकत्र बसतात आणि सगळ्या धर्मांच्या प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. दुसरीत प्रत्येक जण आपापल्या वेळी येतो, आपलं काय ते करतो आणि निघून जातो. पहिलीत सहभाग अपेक्षित असतो. दुसरीत फक्त शेजार असतो. कायद्याचे प्रश्नही त्यामुळे बदलतात. पहिलीत विचारायचं, 'कुणावर सक्ती होतेय का?' दुसरीत विचारायचं, 'जागा सगळ्यांना सारखी मिळतेय का?'

महाराष्ट्राला पहिल्या प्रकाराची ओळख जुनी आहे.

सेवाग्रामचा नमुना

महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. पुढे गावाचं नाव सेवाग्राम झालं. तिथल्या आश्रमातली प्रार्थना कुठल्याही इमारतीत होत नव्हती. उघडं मैदान, वर आकाश, खाली बसायला जमीन. आजही ती जागा तशीच आहे आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते. तिच्यात बौद्ध मंत्र आहे, ईशावास्य उपनिषदातला श्लोक आहे, कुराणातला भाग आहे, पारशी प्रार्थना आहे आणि गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणं आहेत. बौद्ध मंत्र जपानी भिक्खूंमुळे आला. निचिदात्सु फुजी हे भिक्खू १९३३ मध्ये वर्ध्यात गांधींना भेटले होते.

ही प्रार्थना कॉलेजच्या कॅम्पसवरही पोहोचली. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हे मेडिकल कॉलेज १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना सुरुवातीचे काही दिवस आश्रमात राहावं लागतं. खादी, श्रमदान आणि दर आठवड्याची सर्वधर्म प्रार्थना हा तिथल्या आचारसंहितेचा भाग आहे. एमबीबीएसला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला कुराणातल्या ओळी आणि गीतेतले श्लोक एकाच बैठकीत ऐकायला मिळतात, अशी व्यावसायिक शिक्षणाची उदाहरणं देशात फार नाहीत.

पण हा प्रकार वाटतो तितका सोपा नाही, हे खुद्द गांधींनीच अनुभवलं. एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीत त्यांच्या प्रार्थना सभेत कुराणातल्या ओळी म्हणायला काही लोकांनी आक्षेप घेतला. फाळणीचे दिवस होते, पंजाबातून रोज भयंकर बातम्या येत होत्या. गांधींनी ती ओळ गाळून बाकीची प्रार्थना म्हणण्याचा मार्ग घेतला नाही. त्यांनी प्रार्थनाच थांबवली. एक धर्म वगळून केलेली प्रार्थना त्यांना मान्य नव्हती, आणि कुणाचा विरोध दडपून केलेलीही नको होती.

महाराष्ट्रात याच्याही आधी वेगळ्या वाटेने विचार झाला होता. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. मूर्तीशिवाय, एकेश्वराची सामुदायिक उपासना हे त्याचं स्वरूप होतं. महात्मा फुल्यांनी तर 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात एक असं कुटुंब कल्पिलं, ज्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि तरी कुणी कुणाचा द्वेष करत नाही. पुस्तक १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालं. प्रार्थना समाजाने सगळ्यांसाठी एक उपासना शोधली. फुल्यांनी एका छताखाली चार उपासना मान्य केल्या. प्रार्थना खोलीची कल्पना फुल्यांच्या जवळची आहे.

पुणे जिल्ह्यात काय आहे?

कॅम्पसवरची सर्वधर्मीय वास्तू म्हटलं की पुणे जिल्ह्यात एकच नाव डोळ्यांसमोर येतं, आणि ती खोली नाही. तो घुमट आहे.

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरला, मुळा-मुठेच्या काठी, एमआयटी-एडीटी विद्यापीठाचा कॅम्पस आहे. जागा 'राजबाग' म्हणून ओळखली जाते. पूर्वी ती राज कपूर यांच्या मालकीची होती. तिथे 'तत्त्वज्ञ संत श्री ज्ञानेश्वर विश्वशांती प्रार्थना सभागृह' उभं आहे. एमआयटी समूहाचे संस्थापक डॉ. विश्वनाथ कराड यांच्या कल्पनेतून ते साकारलं आणि २ ऑक्टोबर २०१८ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती एम. वेंकय्या नायडू यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. संस्थेच्या माहितीनुसार घुमटाचा व्यास १६० फूट आणि उंची २६३ फूट आहे. संत, तत्त्वज्ञ आणि शास्त्रज्ञ यांचे मिळून ५४ पुतळे तिथे आहेत. ज्ञानेश्वर आहेत तसे आइन्स्टाइनही. सोबत संत तुकारामांच्या नावाचं ग्रंथालय आहे.

वास्तू भव्य आहे, पाहण्यासारखी आहे. पण शुक्रवारी दुपारी दहा मिनिटं हवी असलेल्या विद्यार्थ्याची गरज आणि अशा वास्तूचं काम एक नाही. घुमट संदेश देतो. रोजच्या उपासनेला लागते ती स्वच्छ फरशी, जवळ नळ आणि वेळेवर उघडणारं दार. शिवाय पुतळे हा मुद्दा आहेच. थोर माणसांचे पुतळे हे आदराचं चिन्ह म्हणून कुणाला भावतील, तर इस्लाममध्ये नमाजाच्या वेळी समोर प्रतिमा नसावी असा संकेत आहे. सगळ्यांना सामावायचं म्हणून सगळ्यांची चिन्हं ठेवायची, की कुणाचंच ठेवायचं नाही? सर्वधर्मीय जागांचं सगळं वास्तुशास्त्र या एका प्रश्नाभोवती फिरतं.

जाता जाता, लोणी काळभोर हा तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्कामही आहे. पालखी देहूतून निघते तेव्हा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग-आरती होते. पुढे लोणी, यवत, बारामती, सणसर करत ती शेळगावच्या परिसरातून इंदापूरकडे जाते. या पट्ट्यातल्या लोकांना दर्ग्यापाशी थांबणारी पालखी नवीन नाही. बारामतीतलं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय (स्थापना १९६२) चालवणाऱ्या संस्थेचं नावही 'अनेकान्त' आहे. सत्याला अनेक बाजू असतात, हा जैन तत्त्वज्ञानातला विचार. आपल्या कॉलेजच्या पाटीवर तो लिहिलेला आहे, हे तिथल्या किती विद्यार्थ्यांच्या लक्षात येत असेल, कोण जाणे.

चिन्हं ठेवायची की काढायची?

'काढायची' या उत्तराचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात आहे. तत्कालीन सरचिटणीस डॅग हॅमरशोल्ड यांनी १९५७ मध्ये तिथल्या ध्यानकक्षाची नव्याने रचना करून घेतली. त्यात ते जातीने लक्ष घालत होते. खोली छोटी आहे. लांबी सुमारे ३० फूट, दाराशी रुंद आणि पुढे निमुळती. मध्ये साडेसहा टन वजनाची लोहखनिजाची शिळा, तिच्यावर वरून पडणारा प्रकाशाचा एक झोत आणि समोर बो बेस्कोव या स्वीडिश चित्रकाराचं अमूर्त भित्तिचित्र. क्रॉस नाही, चंद्रकोर नाही, ओम नाही. शिळाच का? वेदी म्हणून बघायची तर वेदी, नाही तर लोखंड : ज्याची तलवारही होते आणि नांगराचा फाळही. ज्याला जे दिसेल ते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या कॅम्पसवर ईरो सारिनन या वास्तुविशारदाने बांधलेलं गोल विटांचं प्रार्थनागृह १९५५ पासून आहे. त्यालाही खिडक्या जवळपास नाहीतच. उजेड छतातून आणि भोवतालच्या पाण्यावरून परावर्तित होऊन आत येतो. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी अशी जागा लागते, हे त्या संस्थेला सत्तर वर्षांपूर्वी पटलं होतं.

'ठेवायची' हे उत्तर आपल्याकडे लष्कराने दिलं. भारतीय सैन्याच्या अनेक ठाण्यांवर 'सर्व धर्म स्थळ' असतं, म्हणजे एकाच वास्तूत मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च. मात्र इथेही सक्तीचा प्रश्न सुटलेला नाही. रेजिमेंटच्या साप्ताहिक धार्मिक संचलनात मंदिराच्या गाभाऱ्यात जायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती लेफ्टनंटला सेवेतून काढण्यात आलं. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ही कारवाई कायम ठेवली. आपल्या रेजिमेंटमध्ये फक्त मंदिर आणि गुरुद्वारा आहे, सर्व धर्म स्थळ नाही, असं त्याचं म्हणणं होतं. लष्कराची शिस्त वेगळी आणि कॉलेज वेगळं, त्यामुळे हा निकाल कॅम्पसला जसाच्या तसा लावता येणार नाही. एखाद्या जागेत कोणते धर्म मावतात आणि कोणते बाहेर राहतात, यावर माणसाची नोकरी अवलंबून असू शकते, एवढं मात्र त्यातून दिसतं.

कायदा काय सांगतो?

कॉलेजने प्रार्थना खोली द्यावी, असं सांगणारा कायदा भारतात नाही. देऊ नये, असंही कुठे म्हटलेलं नाही. मधल्या जागेत राज्यघटनेची काही कलमं येतात.

कलम २५ सगळ्यांना धर्माचरणाचं स्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. हे स्वातंत्र्य म्हणजे संस्थेकडे जागेची मागणी करण्याचा हक्क नव्हे.

कलम २८ थेट शिक्षणसंस्थांबद्दल आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना असू शकते, पण कुणाला त्यात सहभागी व्हायला भाग पाडता येत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीची संमती लागते. अल्पसंख्याक समाजांना आपल्या संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क कलम ३० ने दिला आहे. म्हणून ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात चॅपल किंवा मुस्लिम संस्थेच्या कॉलेजात नमाजाची जागा दिसते. तिथेही कलम २८ मधली सक्तीची मनाई लागू होतेच.

शब्द नीट वाचले तर सरकारी कॉलेजवर बंदी आहे ती धार्मिक 'शिक्षणा'ची. कुठलंही शिक्षण न देता फक्त एक शांत खोली सगळ्यांना उघडी ठेवणं त्यात बसत नाही, असा युक्तिवाद करता येतो. खोली एकाच धर्मासाठी असेल तर हा युक्तिवाद लगेच लंगडा होतो.

सक्तीबद्दलचा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातलाच आहे. नाशिकमधल्या एका शाळेतले शिक्षक सकाळच्या प्रार्थनेला उभे राहत, पण हात जोडत नसत. शाळेने हे बेशिस्तीचं ठरवलं आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने २०१३ मध्ये शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला : हात जोडायला भाग पाडणं हे कलम २८ने दिलेल्या हक्काचं उल्लंघन आहे. साधी गोष्ट वाटते, पण प्रार्थनेचा आशय कितीही उदार असला तरी ती म्हणायची की नाही हे त्या माणसाने ठरवायचं, हे त्यातून स्पष्ट झालं. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेविरुद्धची याचिकाही अशाच मुद्द्यावर आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी ती मोठ्या पीठाकडे पाठवावी असं म्हटलं.

म्हणजे सगळ्यांना एकत्र बसवून सर्वधर्म प्रार्थना म्हणवून घेणाऱ्या कॉलेजपेक्षा, रिकामी खोली उघडी ठेवणारं कॉलेज कायद्याच्या दृष्टीने जास्त सुरक्षित जागी उभं आहे. हे थोडं उलटं वाटेल, पण तसंच आहे.

मग अडतं कुठे?

खोली मिळाल्यानंतर.

जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या तंत्रविद्यापीठाने २०१२ मध्ये 'शांततेची खोली' सुरू केली. धर्म असो-नसो, कुणीही यावं, बसावं. काही काळाने आत पडदे लावून स्त्री-पुरुषांच्या जागा वेगळ्या केल्या गेल्या. स्त्रियांचा भाग लहान होता. डोकं झाका असं सांगितल्याच्या तक्रारी काही विद्यार्थिनींनी केल्या. समानतेच्या तत्त्वाला हे धरून नाही, असं म्हणत विद्यापीठाने २०१६ च्या सुरुवातीला खोलीच बंद केली. त्याच वर्षी बर्लिनच्या तंत्रविद्यापीठानेही मुस्लिम विद्यार्थ्यांसाठीची नमाजाची जागा बंद केली. कारण वेगळं दिलं : सरकारी विद्यापीठ धर्मनिरपेक्ष असतं.

डॉर्टमुंडची गोष्ट दोन्ही बाजूंनी वापरली जाते. एक म्हणतात, बघा, अशा खोल्या शेवटी एकाच गटाच्या होतात. दुसरे म्हणतात, दोनचार जणांच्या वागण्याची शिक्षा सगळ्यांना का? पण चार वर्षांत पडदे लागेपर्यंत खोलीकडे नियमित पाहणारं कुणी होतं का, हा प्रश्न दोघांनाही विचारायला हवा.

गर्दीचं गणितही आहे. पाच वेळच्या नमाजापैकी किमान एक वेळ कॉलेजच्या तासांत येतेच. हिंदू घरांत पूजा बहुधा सकाळी उरकलेली असते आणि देव घरात असतो. ख्रिस्ती विद्यार्थ्यांची मुख्य उपासना रविवारी. त्यामुळे खोली सर्वांची असली तरी तिचा वापर मुस्लिम विद्यार्थी जास्त करणार, हे आधीच ठाऊक असायला हवं. यात पक्षपात नाही, वेळापत्रक आहे. हे सुरुवातीलाच सांगितलं नाही, तर सहा महिन्यांत 'ही तर त्यांचीच खोली' अशी कुजबुज सुरू होते.

याच्या उलट टोकाला लंडनमधली मिकेला ही शाळा आहे. तिथे विद्यार्थ्यांनी मैदानात नमाज पढायला सुरुवात केल्यावर शाळेने प्रार्थनाविधींवरच बंदी घातली. एक विद्यार्थिनी न्यायालयात गेली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने शाळेचा निर्णय वैध ठरवला. प्रवेश घेताना शाळेचे नियम माहीत होते, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता.

खोली करायचीच असेल तर

पैसा फार लागत नाही. कठीण असतात ते बारीक निर्णय.

दिशा : पुणे जिल्ह्यातून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलून आहे. ती छतावर किंवा फरशीवर लहान खुणेने दाखवली की भिंतीवर काही लावायची गरज उरत नाही. पाणी : वजूसाठी हात, तोंड, चेहरा आणि पाय धुवावे लागतात. जवळ नळ नसेल तर मुलं बेसिनमध्ये पाय धुतात आणि पहिलं भांडण तिथेच होतं. आवाज : हा सगळ्यात नाजूक भाग. आनापान करणाऱ्याला पूर्ण शांतता हवी, त्रिसरण-पंचशील मोठ्याने म्हणायचं असतं, भजनाला टाळ लागतात. अनेक ठिकाणी खोलीत फक्त मौन आणि सामूहिक कार्यक्रमासाठी वेगळं सभागृह, असा तोडगा काढतात. तो व्यवहार्य आहे, पण त्यात मौनाच्या परंपरांना झुकतं माप मिळतं, हे मान्य करायला हवं. धूप-उदबत्ती आणि पेटता दिवा आगीच्या कारणाने टाळला जातो. त्याने हिंदू विद्यार्थ्याची पूजा अर्धी राहते.

ग्रंथ, जपमाळ, चटया यांसाठी कुलपाचं कपाट, वापरून झालं की सगळं आत. भिंती कोऱ्या. पडदा लावायचा तर कॉलेजने लावायचा, कुण्या गटाने नाही. वापराची वही दाराशी ठेवायची की नाही यावर मात्र मतभेद आहेत. नोंद असली तर तक्रार तपासता येते. पण कोण किती वेळा प्रार्थना करतं याची यादी कॉलेजच्या कपाटात असणं, सध्याच्या वातावरणात कुठल्याही विद्यार्थ्याला नको वाटेल. नाव न लिहिता फक्त वेळ आणि माणसांची संख्या लिहिणं, हा मधला मार्ग.

खोलीला नाव काय द्यायचं, यावरही बरंच अवलंबून आहे. 'प्रार्थना कक्ष' म्हटलं की नास्तिक विद्यार्थी बाहेर. 'ध्यान कक्ष' म्हटलं की नमाज आत चालेल का अशी शंका. 'शांतता कक्ष' त्यातल्या त्यात सगळ्यांना चालतं, फक्त अभ्यासाला जागा शोधणारे पुस्तकं घेऊन तिथे येऊन बसतात.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी एक गोष्ट वेगळी आहे, जी परदेशी उदाहरणांत सापडत नाही. आपल्याकडे अकरावी-बारावीचं कनिष्ठ महाविद्यालय बऱ्याचदा त्याच आवारात, त्याच इमारतीत असतं. कलम २८ नुसार सज्ञान नसलेल्या विद्यार्थ्याला उपासनेत सहभागी करून घ्यायचं तर संमती पालकाची लागते. स्वतःहून खोलीत जाऊन बसणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला हे कलम अडवत नाही. पण खोलीत कुणी गट जमवत असेल, कुणाला बोलावत असेल, तर त्या मुलाच्या घरी आधी विचारावं लागेल. प्रवेश अर्जातच त्यासाठी एक रकाना ठेवला तर जूनमध्येच हे काम होऊन जातं.